राखेच्या बुधवारपासून आगोटीपर्यंत: चर्चच्या कामाला माणसं कशी मिळतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किनाऱ्यालगतचा छोटा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चखालची वस्ती, १४० कुटुंबं, चार वाड्या. राखेच्या बुधवारपासून (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) मे अखेरपर्यंतच्या सगळ्या कामांना स्वयंसेवक जमवायची जबाबदारी फादरांनी तुमच्यावर टाकली आहे. गेल्या वर्षी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आवाहन झालं, दाराशी वही ठेवली, २२ जणांनी नावं लिहिली आणि प्रत्यक्षात सहा आले. शेवटी नेहमीच्या आठ माणसांनीच सगळं ओढलं. तुम्ही विचारलंय, लोकांना सेवेची आवड कशी लावायची?

मला वाटतं, आवड लावायची गरज नाही, ती आहे. त्या २२ जणांनी मनापासूनच नाव लिहिलं असणार. पण कोणतं काम, कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाबरोबर, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. नाव लिहून माणूस घरी जातो आणि बोलावण्याची वाट बघतो. बोलावणं आलं नाही की त्याला वाटतं, आपल्यावाचून काही अडलेलं दिसत नाही. इकडे आपल्याला वाटतं, लोक येत नाहीत. हा गैरसमज मी आमच्याकडे कितीतरी वर्षं बघितला आणि त्यात माझाही हात होता.

मी वसईकडच्या एका मोठ्या धर्मग्रामात २१ वर्षं हे काम करते आहे. आमच्याकडे हजाराच्या वर कुटुंबं आहेत, त्यामुळे आमचं सगळंच तुम्हाला लागू पडणार नाही. आम्ही एका कामाला तीन माणसं ठेवू शकतो, तुम्हाला एका माणसाला दोन-तीन कामं द्यावी लागतील. उलट दारोदार जाऊन विचारणं तुम्हाला आमच्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे. १४० घरं दोघातिघांनी मिळून दोन आठवड्यांच्या संध्याकाळी आरामात होतात.

आधी हंगामाकडे बघा. पुस्तकात वसंत म्हणजे मोहर आणि कोकीळ, पण आपल्या किनाऱ्यावर हेच महिने सगळ्यात कामाचे. काजू वेचायला पहाटे जावं लागतं, मग आंब्याची उतरणी सुरू होते, होड्या १ जूनच्या मासेमारी बंदीआधी जितक्या फेऱ्या होतील तितक्या करून घेतात. त्यातच फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा. शिवाय ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते, कारण ती २१ मार्चनंतरच्या पौर्णिमेवरून ठरते. २०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता, २०२६ साली ५ एप्रिलला आणि २०२७ साली तो २८ मार्चला आहे. म्हणजे एका वर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मुलं मोकळी असतात, तर दुसऱ्या वर्षी त्यांची नुकतीच परीक्षा संपलेली असते किंवा चालू असते. गेल्या वर्षीचा तक्ता तसाच यंदा लावला तर फसतो. कोणत्या वाडीत काजू जास्त, कुठे होड्या जास्त, कुणाच्या घरात दहावीचं मूल आहे, हे आधी कागदावर मांडा आणि मगच कुणाला काय सांगायचं ते ठरवा. काजूवाल्या घराला सकाळचं काम सांगूच नका. दहावीच्या मुलाला ईस्टरपर्यंत मोकळं ठेवा आणि मेच्या शिबिरासाठी आत्ताच शब्द घेऊन ठेवा.

त्यानंतर कामाचे तुकडे करा. 'सजावट समिती' हे काम नव्हे. 'शनिवारी संध्याकाळी पाच ते सात, वेदीवरच्या पितळी समया चिंचेने घासून पुसून ठेवणं' हे काम आहे. उपवासकाळात वेदीवर फुलं ठेवत नाहीत, त्यामुळे फुलांची सेवा करणाऱ्या बायका सहा आठवडे मोकळ्या असतात हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. आता पितळ घासणं, जांभळी वस्त्रं इस्त्री करणं, ईस्टरची पांढरी वस्त्रं बाहेर काढून उन्हं दाखवणं त्यांच्याकडे असतं. प्रत्येक तुकड्याला सुरुवात आणि शेवट असला पाहिजे. दोन तासांचं काम म्हणून बोलावलंत तर दोन तासांनी स्वतः म्हणा, "झालं, आता घरी जा." पुढच्या वेळी तो माणूस तुमच्यावर विश्वास ठेवतो.

एक काम जवळून सांगते, म्हणजे तुकडे कसे पाडायचे ते कळेल. राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) वाटलेल्या झावळ्यांची करतात. त्यासाठी आधीच्या दोन रविवारी चर्चच्या दारात टोपली ठेवायची. घरोघरी क्रूसामागे खोचलेल्या सुकलेल्या पात्या लोक आणून टाकतात. टोपली ठेवणं आणि संध्याकाळी आत घेणं हे एका मुलीचं काम, बस. मग शनिवारी सकाळी वारा सुटायच्या आत लोखंडी घमेल्यात पात्या थोड्या थोड्या जाळायच्या. एकदम टाकल्या तर वरच्या जळतात आणि खालच्या अर्धवट करपतात, मग राख काळी होण्याऐवजी तपकिरी आणि चरचरीत होते. पूर्ण निवल्यावर खलात कुटून मलमलीच्या फडक्यातून गाळायची. हे दोन माणसांचं तासाभराचं काम. चारशे माणसांना चहाचा एक कप राख पुरून उरते. आणि कुणी कितीही सांगितलं तरी ती पाण्यात कालवू नका. ओल्या राखेचं पाणी दाहक असतं, पूर्वी त्यानेच कपडे धूत. कपाळावर तसंच राहिलं तर कातडी भाजते. कोरडीच वापरा, लागलंच तर थेंबभर खोबरेल.

झावळ्यांच्या रविवारचंही तसंच. माडावर चढणाऱ्याला दोन आठवडे आधी सांगून ठेवायचं, कारण त्या दिवसांत त्यालाही चार ठिकाणची कामं असतात. कोवळी, न उलगडलेली झावळी दिसायला सुंदर, पण ती काढली तर माड मागे पडतो, म्हणून मधल्या वळणावरची उलगडलेली घ्यायची. आमच्या अनुभवाने एका झावळीच्या दीडशेच्या आसपास पात्या कामाच्या निघतात. क्रूस विणायला दोन पात्या लागतात, तेव्हा तुमच्या पाचशे माणसांना सात झावळ्या पुरतील. शुक्रवारी संध्याकाळी काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवल्या तर रविवारी सकाळीही लवचीक राहतात. शनिवारी दुपारी क्रूस विणायला आजी लोकांना बोलवा आणि प्रत्येक आजीजवळ दोन मुलं बसवा. आमच्याकडे ज्या बाई एरवी गुडघ्यांमुळे कुठल्याच कामाला येऊ शकत नव्हत्या, त्या त्या दुपारी खुर्चीत बसून शंभराच्या वर क्रूस विणतात. मुलं पहिल्या वर्षी पात्या फाडतात, दुसऱ्या वर्षी शिकतात. या एका दुपारने आम्हाला जेवढे नवे सेवेकरी दिले तेवढे कुठल्याच आवाहनाने दिले नाहीत.

आता विचारायचं कसं. वेदीवरून केलेलं आवाहन सगळ्यांसाठी असतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. दारात जा, बसा, पाणी घ्या, घरातल्यांची चौकशी करा, मग नाव घेऊन विचारा: "पवित्र गुरुवारी रात्री नऊ ते दहा आराधनेचा तास तुमच्या वाडीचा आहे. तेव्हा दाराशी उभं राहून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जागेवर बसवायचं काम तुम्ही कराल का?" एवढं नेमकं. नाही म्हणाले तर लगेच दुसरं काम पुढे करू नका, त्यांना काय जमेल ते त्यांनाच विचारा. एका घरी मी वाचनासाठी विचारायला गेले होते. ते गृहस्थ संकोचाने म्हणाले, "मला चारचौघांत वाचता येणार नाही, पण वायरिंग येतं." ते आमच्याच चर्चमध्ये तीस वर्षं शेवटच्या बाकावर बसत होते, आणि दरवर्षी मांडवाच्या विजेसाठी आम्ही बाहेरचा माणूस पैसे देऊन आणत होतो.

तरुणांना मी फोनवर मेसेज पाठवून विचारत नाही, म्हणजे पहिल्यांदा तरी नाही. पहिली विचारणा समोरासमोर, नंतरची आठवण मेसेजवर चालते. तुमच्याकडे बरेचसे तरुण मुंबईला असतील. चाकरमानी पवित्र आठवड्यात आणि मेमध्ये येतात, आणि येतात तेव्हा त्यांना पाहुण्यासारखं वागवलं जातं. त्यांना महिनाभर आधी फोन करा आणि काम ठरवूनच गाडीत बसू दे. पास्काच्या जागराला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेला, जुन्या करारातली सात आणि नव्यातली दोन अशी नऊ वाचनं असतात. छोट्या धर्मग्रामात ती कमी करता येतात, पण समुद्रातून वाट फुटते ते निर्गमातलं वाचन वगळता येत नाही. ही वाचनं वाटून द्यायला यांच्याएवढी चांगली माणसं नाहीत. फक्त तालीम मागा. उतारा घरी तीनदा मोठ्याने, आणि एकदा चर्चमध्ये माईकवर, शेवटच्या बाकावर कुणाला तरी बसवून. तुमच्याकडे कोंकणी आणि मराठी दोन्ही चालत असतील तर कोणतं वाचन कुठल्या भाषेत हे फादरांकडून आधीच पक्कं करून घ्या. आयत्या वेळी ग्रंथ बदलला की वाचणाऱ्याचे हात थरथरतात.

पवित्र आठवड्यात प्रत्येक कामाला एकाच माणसाचं नाव लावा. आमच्याकडे एका वर्षी पास्काच्या जागराला अंधारात मिरवणूक आत आली, तिसऱ्यांदा "ख्रिस्ताचा प्रकाश" झालं आणि दिवे लागले नाहीत. बटणांशी आपण नाही, दुसरा आहे, असं दोघांना वाटत होतं. अंधारात एक लहान मुलगी पायरीवर अडखळली आणि पेटत्या मेणबत्तीचं मेण तिच्या मनगटावर सांडलं. मोठी इजा झाली नाही, पण तिचं रडणं मला अजून आठवतं. तेव्हापासून विजेच्या बोर्डाशेजारी एक कागद चिकटवलेला असतो: माणसाचं नाव आणि कोणत्या शब्दांवर बटण दाबायचं ते. लहान मुलांच्या मेणबत्त्यांना कागदी कप लावतो, आणि बाहेरच्या अग्नीपाशी वाळूची बादली घेऊन एक जण उभा असतो, त्याला दुसरं काहीही सांगत नाही.

गुड फ्रायडेला उन्हाची काळजी घ्या. उपासना दुपारी तीनला, आपल्याकडची दमट हवा, आणि बरेच जण उपाशी. उपवासाचा नियम १८ ते ५९ वयाच्या माणसांना आहे, आजाऱ्यांना नाही. पण साठी उलटलेली माणसंच सगळ्यात कडक उपवास करतात आणि रक्तदाबाची गोळीही पाण्याशिवाय गिळायला बघतात. आदल्या रविवारी फादरांकडूनच हे सांगून घ्या, तुमचं-माझं ते ऐकणार नाहीत. पश्चिमेच्या बाजूला मांडव, दोन माठ, खुर्च्या. शिवाय दोन्ही बाजूंना एकेक माणूस असा ठेवा की ज्याचं काम फक्त लोकांचे चेहरे बघणं. कुणी पांढरं पडलं, डोळे मिटून डुलायला लागलं, की जाऊन हात धरायचा. आमच्याकडे हे काम एक निवृत्त परिचारिका करतात आणि त्या आल्यापासून भोवळ येऊन पडण्याचे प्रकार जवळजवळ थांबले. उपवासकाळात क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रार्थनांची फेरी, रस्त्याने काढणार असाल तर ग्रामपंचायतीला आणि पोलिसांना आधी कळवा. शिमग्याच्या दिवसांत एखाद्या शुक्रवारी पालखी त्याच रस्त्याने येणार असेल तर गावच्या मानकऱ्यांशी बसून वेळ ठरवा. आपल्या गावांत हे एका चहात मिटतं.

पवित्र गुरुवारी फादर ज्यांचे पाय धुतात ते बारा जण निवडताना नेहमीची वडीलधारी मंडळीच घेऊ नका. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलल्यापासून त्यात स्त्रियाही असू शकतात. आम्ही एका वर्षी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची चौदा वर्षं सेवा करणाऱ्या बाईंना घेतलं. त्यांच्या वाडीतली दोन घरं, जी फक्त ख्रिसमसला चर्चमध्ये दिसायची, त्या दिवशी आली आणि नंतर येत राहिली. फादरांची आधी संमती घ्या, शेवटी निर्णय त्यांचा.

आता ती आठ माणसं. याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला वाटतं खरी अडचण इथे आहे. ती माणसं सोन्यासारखी असतात आणि थकलेली असतात. वर्षानुवर्षं सगळं स्वतः केल्यामुळे नव्या माणसाने केलेलं काम त्यांच्या डोळ्यांत खुपतं. आमच्याकडे एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा ध्वनियंत्रणा बघायचा. एका रविवारी माईकने शीळ घातली आणि एका ज्येष्ठाने त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो मुलगा परत आला नाही. मी तिथे उभी होते आणि गप्प राहिले, पुढे दोन वर्षं त्याच्या घरीही गेले नाही. शेवटी गेले तेव्हा त्याच्या आईने मला आत बोलावलं, पण तो बाहेर आला नाही. या एका गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून आता आमचा नियम आहे की चूक झाली तर त्या दिवशी कुणी काही बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी एकट्याला गाठून बोलायचं.

त्या आठ जणांना उपवासकाळाच्या आधी एका संध्याकाळी घरी जेवायला बोलवा. प्रत्येकाला विचारा, यातलं कोणतं एक काम तुम्ही आयुष्यभर सोडणार नाही? ते त्यांच्याकडे राहू द्या. आणि कोणतं एक काम यंदा कुणाला तरी शिकवाल? शिकणाऱ्याचं नाव त्यांनीच सुचवायचं. "तुम्ही थकलात, आता बाजूला व्हा" असं त्यांना वाटता कामा नये. काही जण तयार होणार नाहीत. त्यांच्यावर जोर करू नका, पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

मेबद्दल थोडंच लिहिते, कारण तोपर्यंत तुमची माणसं तयार झालेली असतील. १ मे हा कामगार संत योसेफचा सण, १९५५ साली पोप बारावे पायस यांनी सुरू केलेला, आणि आपल्याला महाराष्ट्र दिनाची सुट्टीही असते. सेवा केलेल्या सगळ्यांना त्या संध्याकाळी एकत्र जेवायला घाला, आणि त्या दिवशी त्यांना वाढायला किंवा भांडी घासायला लावू नका. वाडीवाडीतल्या खुरसांपाशी (क्रूसांपाशी) लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेली प्रार्थना, होते तिथे खाऊची चढाओढ लागते आणि गरीब घराला पाळी घेणं जड जातं. उकडलेले चणे आणि कोकम सरबत, याच्या पलीकडे कुणी काही करायचं नाही, असं सगळ्या वाड्यांनी मिळून ठरवा. मुलांचं शिबिर घ्याल तर सकाळी साडेआठ ते साडेअकरा, पाच दिवस, त्याहून लांबवू नका. पालकांची लेखी संमती घ्या. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत असणार नाही, नेहमी दोन मोठी माणसं असतील, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. मुलांवरच्या अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे आणि ते तुमच्या प्रत्येक सेवेकऱ्याला ठाऊक हवं. समुद्रावर सहल नकोच, मेअखेरीस पाणी फिरलेलं असतं.

आगोटीआधी, म्हणजे पावसाळा सुरू व्हायच्या आधी, चर्चची कौलं बघणं, पन्हळी साफ करणं, विहिरीभोवतीचा पाचोळा काढणं ही कामं असतात. पाचोळा आणि पन्हळी लोकांकडून करून घ्या, पण शाकारणीला रोजगारी माणूस लावा. उत्साहात कुणी कौलांवर चढायला निघालं तर खाली उतरवा. आमच्या वसईत त्याच दिवसांत बावखलातला गाळ काढायला आम्ही जातो. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवून आसपासच्या विहिरींना पाझर देणारं जुनं तळं. तिथे चर्चचे, बिनचर्चचे सगळेच येतात. तुमच्याकडे गावच्या तळ्याचं किंवा झऱ्याचं असं काम असेल तर त्यात चर्चने मिसळावं, आपलं वेगळं काढू नये.

सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही शेवटी विचारलंय. गेल्या वर्षीची वही अजून असेल तर काढा. त्यात जे १६ जण आले नाहीत, त्यांच्याकडे सगळ्यात आधी जा. "नाव लिहून आला नाहीत" असं म्हणू नका. म्हणा, "गेल्या वर्षी तुम्ही नाव दिलं होतं, आम्हीच बोलवायला आलो नाही. यंदा टोपली कोण ठेवणार, राख कोण गाळणार, हे ठरवतोय. तुम्हाला यातलं काय जमेल?"